वाचून न दाखवलेला कागद

साक्षीच्या तयारीसाठी वकीलसाहेब आमच्या घरी तीन वेळा आले, आणि तिन्ही वेळा मी त्यांना एकच खोटं सांगितलं. ते मला कुणी पढवलं नव्हतं. वकीलसाहेब उलट मला खरं कसं बोलावं तेच शिकवायला येत होते.

वडील निजामाच्या राज्यात, कळंबच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. आठव्या वर्षी त्यांनी मला सिकंदराबादला, मिशनच्या मुलींच्या शाळेत ठेवलं. येडशीहून छोटी गाडी, कुर्डुवाडीला उतरून मोठी गाडी, असा प्रवास करून मी वर्षातून दोनदा घरी यायची. शाळेत सगळं इंग्रजीत चालायचं, दुसरी भाषा म्हणून थोडी उर्दू. मराठी मी फक्त घरी बोलायची. आईच्या पोथीवर बोट ठेवून वाचायला शिकले होते, पण लिहायला बसलं की वेलांट्या कुठं द्यायच्या ते कळायचं नाही आणि अक्षर पाच वर्षांच्या मुलीसारखं यायचं. म्हणून घरी पत्रं इंग्रजीतच लिहायची. वडील ती आईला मराठीतून वाचून दाखवायचे. माझ्या शाळेबद्दल आईला जे माहीत होतं ते सगळं असं वडिलांच्या तोंडून आलेलं होतं.

सुट्टीत घरी आले की गावातले लोक आलेल्या तारा वाचून घ्यायला यायचे. दोन-चार शब्दांची तार वाचून मी आतूनच सांगायची, अमका येतोय, अमकी बरी आहे. बाहेर लोक म्हणायचे, डॉक्टरांची पोरगी साहेबासारखं वाचते. मी लाजाळू होते, लोकांसमोर मान वर करत नव्हते. पण ते वाक्य ऐकायला मी दाराआड थांबायची, हे मला माहीत आहे.

शेजारी माळवदाच्या घरात एक म्हाताऱ्या विधवा बाई राहत. मूलबाळ नव्हतं. सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं. त्यांच्याकडं एक बाई वीस वर्षांपासून होती. दळण, पाणी, सारवण, आणि शेवटी शेवटी काकूंना उठवणं-बसवणंही तीच करायची. ती घराच्या मागच्या खोलीत राहायची. त्या खोलीला दोन दारं होती. एक बोळातून पुढच्या दाराकडं जायचं, दुसरं परसात उघडायचं. परसात लिंबाचं झाड, धुण्याचा दगड आणि तिच्या दोन शेळ्या. परसाच्या टोकाला एक कवाड, तिथून ती आडावर जायची. तिचा सगळा दिवस त्या परसात जायचा. शेळ्यांचं दूध ती चार घरी घालायची, आमच्याही.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा, उन्हाळ्याच्या सुट्टीत, काकूंनी मला बोलावून घेतलं. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. आपल्या माघारी घर पुतण्याला जाणार हे त्यांना मान्य होतं. फक्त या बाईची सोय लिहून ठेवायची होती. गावात लिहिणारे कारकून होते, पण ते पुतण्याच्या बसण्या-उठण्यातले. काकू म्हणाल्या, "तू लिही. तू शिकलेली हायस. मागची खोली तिची. परस बी तिचं, कवाडापर्यंत. ती हाय तवर तिला कुणी ऊठ म्हणायचं न्हाय."

मराठीत लिहिते म्हटलं असतं तर अक्षर दिसलं असतं. मी फाउंटन पेन काढलं आणि इंग्रजीत लिहायला लागले. कुणी विचारलं नाही की इंग्रजीत का. उलट ती बाई कौतुकानं बघत होती, उजवीकडं जाणारी ओळ अशी भरभर जाते कशी म्हणून. खोली झाली. परसापाशी माझं पेन अडलं. गार्डन म्हणावं, तर गार्डन म्हणजे आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंच्या बंगल्यापुढची गुलाबांची. कोर्टयार्ड म्हणावं, तर तो घराच्या मधला चौक. लिंब, शेळ्या आणि धुण्याचा दगड असलेल्या जागेला आम्हाला शाळेत कुणी शब्द शिकवला नव्हता. निबवर शाई साचली होती. मी मनाशी म्हटलं, खोली म्हणजे सगळं आलंच, आणि पुढच्या ओळीवर गेले.

लिहून झाल्यावर काकू म्हणाल्या, "काय लिहिलंस, वाच की."

मला ते इंग्रजी धडपणे मराठीत करून सांगता आलं नसतं. निदान मला तसं वाटलं. तार वाचणं सोपं होतं, या चांगल्या सहा लांबलचक ओळी होत्या. आणि वाचलं असतं तर परस नाही हे त्यांना लगेच कळलं असतं. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय, काकू." त्यांनी मान हलवली. तेवढ्यात दवाखान्यातून वडील आले. त्यांच्यासमोर काकूंनी अंगठा उठवला, त्यांनी खाली सही केली. परत येताना वाटेत वडील म्हणाले, वाक्यं छान जमली आहेत. मला बरं वाटलं.

काकू पावसाळ्यात गेल्या. मी तेव्हा शाळेत होते. पुतण्यानं खोलीबद्दल काही वाद काढला नाही. कागदात आहे तेवढं देतो, म्हणाला. परस कागदात नव्हतं. तिथं त्याला धान्याचं कोठार बांधायचं होतं. बाईनं मुन्सफ कोर्टात दावा लावला, की काकूंनी परसही सांगितलं होतं.

हे सगळं मला पुढच्या सुट्टीत घरी आल्यावर कळलं. तिच्या वकीलसाहेबांनी साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं. कागद मी लिहिला होता. काकूंच्या तोंडचं ऐकणारी, त्या बाईखेरीज, मी एकटीच होते.

वकीलसाहेब वयस्क मुसलमान गृहस्थ होते. शेरवानीची वरची गुंडी कायम लावलेली असायची. वडिलांना ते डॉक्टरसाहेब म्हणत, मला बेटी. ते ओसरीवर बसत, मी आतल्या दाराच्या चौकटीशी. पहिल्या दिवशी त्यांनी मला साक्षीचे नियम सांगितले. विचारलं तेवढंच सांगायचं. घाई करायची नाही. दुसऱ्याकडून ऐकलेलं सांगायचं नाही. जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणायचं, त्यात कमीपणा नाही. मग त्यांनी सहज, कप खाली ठेवता ठेवता विचारलं, कागद म्हातारीला वाचून दाखवला होता ना.

वडील शेजारी बसले होते. सिकंदराबादचा खर्च, आईचा विरोध, गावाचं बोलणं हे सगळं झेलून त्यांनी मला शिकवलं होतं. मी म्हटलं, "हो. मी कागद वाचून दाखवला आणि मराठीत समजावून सांगितलं."

वकीलसाहेबांनी कप बशीसकट बाजूला सारला. मग म्हणाले, मग परस राहिलं हे तिच्या ध्यानात कसं आलं नाही. परसाचं ती बोलली होती की नाही.

मला तेव्हाच कळलं की पहिलं उत्तर टिकवायचं तर दुसरंही द्यावं लागणार. मी त्यांनीच नुकताच शिकवलेला नियम उचलला. म्हटलं, "आठवत नाही."

खरं म्हणजे मला काकूंचा आवाजही आठवत होता. कवाडापर्यंत म्हणताना त्यांनी पांघरुणातून बोट काढून परसाकडं केलं होतं, तेही.

दुसऱ्या वेळी ते टांग्यातून उतरल्या उतरल्या, बसण्याआधीच त्यांनी तोच प्रश्न विचारला. तिसऱ्या वेळी सगळं बोलणं संपल्यावर, दारात जोडा घालताना. मी तेच उत्तर दिलं. त्यांनी एक पाय जोड्यात घातला होता, दुसरा तसाच ठेवून ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "बेटी, तीस वर्षं मी साक्षीदार बघतोय. खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. कधी एखादी गोष्ट विसरतो, कधी एखादी आठवते. तुमचा जवाब तिन्ही वेळा एकच आला. एक हर्फ इकडचा तिकडं नाही."

वडील आत पानाचा डबा आणायला गेले होते. वकीलसाहेबांनी ती वेळ मुद्दाम निवडली असावी. ते थांबले. मी सांगितलं असतं तर त्यांनी वडिलांना काय सांगायचं तेही सांभाळून घेतलं असतं, असं मला आज वाटतं. मी चौकटीवरच्या रंगाचा एक पोपडा नखानं काढत राहिले. मग त्यांनी दुसरा जोडा घातला. वडिलांना ते जाताना म्हणाले, की मुलीला बोलावण्यात आता आपला फायदा नाही, पण नाव दिलं गेलंय. आपण सोडलं तर समोरचा वकील तिला बोलवेल.

त्याच आठवड्यात त्या बाईचा जबाब कोर्टात झाला. वडील तिथं होते. रात्री जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. ती कोर्टात उघड्यावर, पन्नास पुरुषांत उभी होती. काकू परसाचं बोलल्या होत्या, हे तिनं ठामपणे सांगितलं. मग समोरच्या वकिलानं विचारलं, कागद वाचून दाखवला तेव्हा म्हातारी काही म्हणाली का. ती म्हणाली होती, की डॉक्टरांची ताई वाचलं म्हनतात तर वाचलंच आसंल, म्या पानी तापवाया आत गेल्ते.

माझं उत्तर तिला वकीलसाहेबांकडून कळलं असणार, पण ती कुठंही गेली नव्हती. ती काकूंच्या पायाशी बसून माझ्या पेनाकडं बघत होती.

वडील म्हणाले, अडाणी आहे पण प्रामाणिक आहे. स्वतःच्या तोट्याचं असूनही बोलली. मी ताटात मान घातली. त्या रात्रीपासून मला एक नवं कारण मिळालं. आता मी खरं सांगितलं तर ती खोटी पडेल, असं मी स्वतःला सांगायला लागले. तिच्यासाठीच मी गप्प आहे असंही मला मधूनमधून वाटायचं.

माझी साक्ष कोर्टात झाली नाही. चांगल्या घरच्या बायकांना कचेरीत उभं करू नये म्हणून कोर्ट एखाद्या वकिलाला कमिशनर नेमून घरी पाठवी, आणि बाई पडद्याआडून जबाब देई. वडिलांनी तसा अर्ज केला. मी शाळेत फ्रॉक घालून मैदानात खेळणारी, स्टेजवर उभी राहून इंग्रजी भाषण करणारी मुलगी. पडदा आमच्या घरात कधीच नव्हता. पण वडिलांनी विचारलं तेव्हा मी लगेच बरं म्हटलं.

मधल्या खोलीत दोरी बांधून आईनं सोलापुरी चादर टाकली. एका बाजूला मी आणि आई. दुसऱ्या बाजूला कमिशनर, त्यांचा मुनशी, दोन्ही वकील, पुतण्या आणि वडील. ती बाई अंगणाच्या दारात, उंबऱ्याबाहेर बसली होती. चादरीची कड भिंतीपासून चार बोटं सुटली होती, तिथून मला फक्त तीच दिसत होती.

वकीलसाहेबांनी मला थोडकंच विचारलं. कागद कुणी लिहिला, कुणी सांगितला. परसाचं त्यांनी विचारलंच नाही. मग पुतण्याच्या वकिलानं विचारायला सुरुवात केली.

"कागद लिहून झाल्यावर वाचून दाखवला?"

"हो."

"मराठीत?"

"हो."

"त्या काय म्हणाल्या?"

हा प्रश्न तयारीत कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "बरं झालं, म्हणाल्या."

"परसाचा विषय निघाला होता?"

"आठवत नाही."

एवढंच. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर संपलं. मी उठणार तेवढ्यात आईनं हात धरून बसवलं. मुनशीचं काम राहिलं होतं.

मुनशीनं माझा जबाब उर्दूत लिहून घेतला होता. आता तो पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. एक वाक्य उर्दूत वाचायचा, मग तेच मराठीत सांगायचा, थांबायचा आणि विचारायचा, "बरोबर?" मी हो म्हटल्याखेरीज पुढं जायचा नाही. मी म्हटलं मला उर्दू थोडी येते, तर म्हणाला, "येत असली तरी, बाईसाहेब. ज्याचा जबाब त्याला त्याच्या भाषेत ऐकवायचाच. काही राहिलं असंल, चुकलं असंल, तर आत्ताच सांगता येतं. सही झाल्यावर न्हाय." तो हे रोज म्हणत असणार. त्याच्या आवाजात कंटाळा होता. पण त्यानं एक ओळही गाळली नाही. दारातली बाई कान देऊन, तोंड थोडं उघडं ठेवून, एकेक वाक्य ऐकत होती.

वाचून दाखवला. बरोबर? हो. मराठीत समजावला. बरोबर? हो. परसाबद्दल आठवत नाही. बरोबर?

इथं मी थोडी थांबले. आईला वाटलं ऐकू आलं नाही, तिनं मला कोपरानं हलवलं. मी हो म्हटलं.

कागद चादरीखालून आत सरकवला गेला. मी इंग्रजीत सही केली. पलीकडं मुनशी म्हणाला, "वा, काय वळण आहे."

सगळे गेल्यावर मी चादर काढत होते. ती बाई दारातच होती. ती आत आली आणि चादरीची दोन टोकं तिनं धरली. आम्ही समोरासमोर उभ्या राहून चादर ताणली, घडी घातली, टोकाला टोक लावायला एकमेकींजवळ आलो. तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमी वाचलं व्हतं म्हन. म्या तिथंच हुते. मला ऐकू आलं न्हाय आसंल."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी रागावू शकले असते. ती मला वाट काढून देत होती, जशी कोर्टात दिली होती. मी चादर घेऊन आत गेले.

निकाल लागला तेव्हा मी सिकंदराबादला होते. खोली तिची, परस पुतण्याचं. वडिलांनी पत्रात दोन ओळी लिहिल्या होत्या. मी त्यानंतर एकदाच वकीलसाहेबांना, ते आमच्या ओसरीवर आले असताना, विचारलं की साक्षीदाराला मागाहून काही आठवलं तर. ते म्हणाले, "तीन वेळा विचारलं होतं, बेटी." त्यांनी वडिलांनाही कधी काही सांगितलं नाही.

पुतण्या घरात राहायला आला, परसात कोठार उभं राहिलं. खोलीचं मागचं दार विटांनी बंद झालं. शेळ्या तिनं तेरखेड्याला बहिणीकडं धाडल्या. आमच्याकडं दूध दुसरीकडून येऊ लागलं, आणि आईला ते पातळ वाटायचं. रोज ती तसं म्हणायची. बाई आता आडावरून घागर घेऊन लांबच्या वाटेनं पुढच्या दाराशी यायची आणि उघडा म्हणून हाक मारायची. घागर डोक्यावरच असायची. आमच्या खिडकीतून दिसायचं.

शाळा संपवून मी घरी राहायला आले. निजामाचा अंमल गेला. कोर्टात आता मराठी येणार, असं लोक बोलू लागले. मी आईकडून मराठी लिहायला नीट शिकले, पहिलीच्या पुस्तकापासून. थोडं जमायला लागल्यावर एका दुपारी काकूंचे शब्द त्यांनी सांगितले तसे कागदावर उतरवले. चार ओळी झाल्या. इंग्रजीत त्याच्या सहा झाल्या होत्या, आणि तरी परस राहिलं होतं.

कागद घेऊन मी शेजारी गेले. पुतण्याच्या बायकोनं दार उघडलं, काय काम आहे विचारलं, आणि बोळातून मला मागं सोडलं. बाईनं पोतं अंथरलं. मी बसले आणि म्हटलं, "मी तेव्हा वाचलं नव्हतं. आता वाचते." आणि वाचून दाखवलं. मागची खोली तिची. परस बी तिचं, कवाडापर्यंत. ती हाय तवर तिला कुणी ऊठ म्हणायचं न्हाय.

ती सगळं संपेपर्यंत ऐकत होती. "व्हय," ती म्हणाली. "आसंच म्हनल्या व्हत्या." मग विचारलं, "ह्यो आता कुठं दावायचा आसतो?"

मी म्हटलं, कुठंच नाही.

"मंग तुमच्याकडंच ठिवा, ताई. हितं वल लागंल त्याला."

विटांच्या भिंतीला खरंच ओल आली होती. कोठाराचं पाणी त्या बाजूला मुरत असावं. ती मला पोचवायला पुढच्या दारापर्यंत आली. दाराला आतून कुलूप होतं. तिनं दार उघडा म्हणून हाक मारली, आणि कुणी किल्ली घेऊन येईपर्यंत आम्ही दोघी बोळात उभ्या राहिलो. माझ्या हातात कागद होता. ती त्याच्याकडं बघत नव्हती.